ध्वनिमुद्रणांची पाठशुद्धि

छापखाना येण्यापूर्वीं ग्रंथाची प्रत म्हणजे लेखनिकाच्या हाताची करणी असे. त्याच्या डोळ्यांस जें दिसलें नाहीं, हातास जें कंटाळवाणें झालें किंवा बुद्धीस जें पटलें नाहीं, तें गळत गेलें. आणि पुढच्या लेखनिकानें त्या गळक्या प्रतीलाच मूळ समजून तिची नक्कल उतरली. ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर तीनशें वर्षांच्या आंत तिची अशी अवस्था झाली होती कीं, शके १५०६ मध्यें एकनाथांस निरनिराळ्या प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध करावा लागला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति पुरी व्हावयास १९६६ साल उजाडलें. या खटाटोपाचें महत्त्व आमच्या वाचकांस पटवून देण्याची जरुरी नाहीं. परंतु त्याच वाचकांच्या घरीं जुनीं गाणीं एका ध्वनिरूपांतून दुसऱ्या ध्वनिरूपांत उतरवून संगणकावर वा फोनवर त्यांचा संग्रह करण्याचें जें काम नित्य चाललें आहे, त्याला हीच चिकित्सा लावावी असें मात्र फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. घरोघरचा हा नवा लेखनिक काय उतरतो, काय गाळतो आणि कशाला मूळ म्हणतो, याचें थोडें परीक्षण आज करावयाचें आहे.

हें परीक्षण करतांना गोंदिया जिल्हा आम्हीं मुद्दाम डोळ्यांपुढें ठेविला आहे. मुंबई-पुण्याच्या एखाद्या गृहस्थानें बालगंधर्वांच्या तबकडीची भिकार नक्कल केली तर बिघडतें तें त्याचें एकट्याचें. तीच तबकडी दुसऱ्या कितीएक संग्राहकांजवळ असते, आणि मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था तर तबकड्यांच्या संग्राहकांचीच आहे. १९९९ च्या मे महिन्यांत भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची गोष्ट निराळी. दिवाळी सरली कीं येथें गांवोगांव मंडई भरते. दंडारी नाचतात, आणि रात्रीं झाडीपट्टीचें नाटक उभें राहतें तें उजाडेपर्यंत चालतें. वडशाच्या नाटकमंडळ्या गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली अशा चारी जिल्ह्यांतून फिरतात. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां उरलेल्या महाराष्ट्रास तिची थोडी जाग आली. सालेकसा तालुक्यांत कचारगडच्या यात्रेला माघी पौर्णिमेच्या सुमारास गोंडी गाणीं ऐकूं येतात. तिरोडा-गोरेगांवकडे लग्नघरांतून पोवारी. यांतलें फारच थोडें कधीं तबकडीवर चढलें. जें राहिलें तें कोणा हौशी माणसानें मांडवाच्या खांबाला टेपरेकॉर्डर टांगून भरलेल्या कॅसेटवर राहिलें, आणि त्या कॅसेटची दुसरी प्रत बहुधा नसते. पाठचिकित्सेच्या भाषेंत ही एकाच पोथीची परंपरा. जेथें पोथी एकच, तेथें लेखनिकाचा प्रमाद दुसऱ्या पोथीवरून दुरुस्त करतां येत नाहीं.

प्रथम ज्या रूपाचा घरोघर सुकाळ आहे त्या एमपी३चें पाहूं. जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेंत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग व त्यांचे सहकारी यांनीं १९८० नंतरच्या दशकांत ज्यावर मेहनत घेतली आणि पुढें लौकरच जें आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झालें, तें हें रूप मानवी कानाच्या एका दुबळेपणावर उभें आहे. मोठ्या नादाच्या शेजारीं, किंवा त्याच्या क्षणभर मागें-पुढें, असलेला बारीक नाद कानास कळत नाहीं. तेव्हां तो जपून ठेवण्यांत जागा कां घालवावी? ध्वनीचे लहान लहान तुकडे करावे, प्रत्येक तुकड्यांत कोणता नाद कोणत्या नादाखालीं झांकला जातो याचा हिशेब मांडावा, आणि झांकलेला भाग जाडाभरडा टिपावा किंवा सोडून द्यावा, अशी ही युक्ति. सीडीवरच्या ध्वनीला मिनिटास सुमारें १० मेगाबाइट जागा लागते. सेकंदाला १२८ किलोबिट या मापाच्या एमपी३ला पुरती एक मेगाबाइटहि लागत नाहीं. दहांतले नऊ भाग टाकून गाणें ओळखूं येतें, इतकेंच नव्हे तर गोडहि लागतें; ही कारागिरी असामान्य आहे, आणि तिची थट्टा करणारांत आम्ही नाहीं.

पण ती कोणत्या कसोटीवर घासून पाहिली गेली हेंहि लक्षांत घेतलें पाहिजे. सुझन व्हेगा या अमेरिकन गायिकेचें साथीवांचून गायिलेलें एक गीत पुनःपुन्हां ऐकून ब्रांडेनबुर्ग यांनीं आपली पद्धति तासली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यामुळें एकटा कंठ या रूपांत बराच सांभाळला जातो. याउलट जेथें या पद्धतीची दमछाक होते तीं ठिकाणेंहि जाणत्यांस ठाऊक आहेत: कॅस्टनेट नांवाच्या स्पॅनिश लांकडी चिपळ्या आणि प्रेक्षकांच्या टाळ्या. आघात ध्वनीच्या तुकड्यामध्यें कोठेंतरी पडला म्हणजे त्याच्या जाड्याभरड्या टिपणाचा चुरा सबंध तुकडाभर पसरतो, आणि आघात होण्याच्या आधींच एक अस्पष्ट खरखर ऐकूं येते. आतां दंडारींत काय असतें? ढोलकीची थाप, टाळांचा झणत्कार, पायांतले घुंगरूं. नाटकाच्या रात्रीं काय असतें? मांडवभर लोकांच्या टाळ्या आणि शिट्या. म्हणजे ज्या ज्या जागीं ही पद्धति अडखळते, त्या सर्व या गाण्याच्या मर्माच्या जागा आहेत. त्यांतून १२८ किलोबिटांच्या प्रतींत १६ हजार हर्ट्झांच्या आसपास वरचें सगळें बहुधा छाटलेलें असतें. टाळेची धार जाऊन ती पाण्यांत बुडविल्यासारखी वाजते. थाप ऐकूं येते, परंतु ती नेमकी कोणत्या क्षणीं पडली तें धूसर होतें. आणि नाचणाऱ्याचा पाय त्या क्षणावरच उचलत असतो.

हा झाला एका पिढीचा तोटा. खरा अनर्थ पुढें आहे. एमपी३ फाईल कोणी फोनसाठीं एएसी रूपांत उतरतो. ती निरोपाबरोबर कोणास धाडली कीं वाटेंत आणखी आवळली जाते. तो मनुष्य ती चित्रफितीला जोडतो. चौथा त्या चित्रफितींतून आवाज काढून त्याचा पुन्हां एमपी३ करतो. प्रत्येक वेळीं तुकडे नव्या ठिकाणीं पडतात, नवा हिशेब होतो, आणि आधींच्या लेखनिकाचा चुरा हेंच मूळ गाणें समजून त्यांतून पुन्हां कांहीं गाळलें जातें. गोंदियाच्या बाजारांत काय किंवा आमगांव-देवरीच्या बाजारांत काय, मेमरी कार्डांत गाणीं भरून देण्याचा धंदा एके काळीं जोरांत होता. त्या वाटेनें आलेल्या मंडईच्या गाण्यांची आज जी दशा आहे ती बव्हंशीं अशाच पाचव्या-सहाव्या पिढीची.

याहून विनोदी, आणि आमच्या मतें याहून घातक, असा उलटा प्रकार आहे. एमपी३ वाईट आणि फ्लॅक चांगलें एवढें कोठें तरी वाचून कांहीं हौशी संग्राहक आपले सगळे एमपी३ एका रात्रींत फ्लॅकमध्यें रूपांतरित करून टाकतात. फ्लॅक हें रूप जॉश कोल्सन यांनीं २००१ सालीं सिद्ध केलें. त्याची रीत दुकानदाराच्या वहीसारखी आहे: मागच्या शिलकेवरून आजची शिलक काय असावी याचा अंदाज बांधावयाचा आणि अंदाजांत जी वाढघट निघेल तेवढीच लिहावयाची. जागा सुमारें निम्म्यावर येते, आणि उलगडून पाहिलें तर एक बिंदुहि हललेला नसतो. इतकेंच नव्हे तर मूळ ध्वनीची एक आंकडेरूप मुद्रा फाईलच्या आरंभींच नोंदलेली असते, तिच्याशीं ताडून प्रत अभंग आहे कीं नाहीं हें केव्हांहि तपासतां येतें. परंतु जें हातीं आलें तें जसेंच्या तसें राखणें एवढाच त्याचा धर्म. जें गेलें तें परत आणणें हा नव्हे. एमपी३चें फ्लॅक करणें म्हणजे गाळलेल्या ओव्यांच्या जागीं कोरीं पानें शिवून पोथी जाड करणें होय. जाडी वाढली कीं प्रतिष्ठा वाढते, आणि पुढचा संग्राहक ‘फ्लॅक आहे’ एवढ्यावर तिला मूळ मानतो. असली प्रत ओळखण्याचें एक साधन आहे: ध्वनीचें आलेखन काढून पाहिलें तर १६ हजार हर्ट्झांपाशीं कड्यासारखी सरळ तुटलेली रेघ दिसते. मात्र जुन्या तबकडींत किंवा साध्या कॅसेटींत तीव्र नाद मुळांतच थोडे. ते हळूहळू विरत जातात. तेव्हां नुसती उणीव पाहून कोणावर खोटेपणाचा आरोप करूं नये. कडा दिसला तरच संशय घ्यावा.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाहीं. मांडवांत टांगलेल्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटींत अशी कोणती नजाकत आहे, कीं जिच्यासाठीं एवढी जागा अडवावी? चांगल्या मापाचा, सेकंदाला २५६ किंवा ३२० किलोबिटांचा, एमपी३ असेल तर आम्हांसहि तो मूळ कॅसेटपासून ओळखतां येईल असें आम्ही छातीवर हात ठेवून म्हणणार नाहीं. परंतु वाद आजच्या कानाचा नाहीं. कॅसेटचा स्वतःचा सूंऽऽ असा जो आवाज असतो, त्याला नियम नाहीं आणि पुनरुक्ति नाहीं. असा आवाज आवळण्यास सर्वांत अवघड. काटकसरी एमपी३ आपला बराचसा शिधा त्या आवाजावर खर्च करतो आणि गाणाऱ्याच्या ताटांत कमी वाढतो. उद्यां कोणी जाणता तो आवाज काढून टाकून आंतला कंठ उजळूं पाहील, तर त्याला आवाज आणि कंठ दोन्हीं अखंड मिळाले पाहिजेत. चुरा होऊन एकमेकांत कालवलेले चालत नाहींत. शिवाय जागेची सबब आतां उरलेली नाहीं. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें किमान म्हणून सांगितलेलें ४८ हजार नमुने व २४ बिट हें माप घेतलें तर ९० मिनिटांच्या कॅसेटला सुमारें दीड गिगाबाइट लागतात. पन्नास कॅसेटी ७८ गिगाबाइटांत बसतात, आणि फ्लॅक केल्यास त्याहूनहि बऱ्याच कमींत. अंगठ्याएवढ्या पेन ड्राइव्हवर हा सगळा ऐवज मावतो. त्यावरून मग फोनसाठीं हवे तितके एमपी३ करावे व गोंदियाहून नागपूरला जातांना गाडींत खुशाल ऐकावे. डब्याच्या खडखडाटांत टाळेची धार कोण पाहणार आहे?

पण ‘कोणतें रूप चांगलें’ या वादाच्या भरांत एक गोष्ट अजिबात दृष्टीआड होते. सर्वांत मोठें रूपांतर संगणकांत होतच नाहीं. तें त्याच्या आधीं, फीत वाजविणाऱ्या यंत्राच्या माथ्यापाशीं होतें. हा माथा फितीशीं काटकोनांत नसून केसभर कलला असेल, आणि ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचा कल निराळा असेल, तर तीव्र नाद तेथेंच मरतात. पुढें चोवीस बिट घ्या कीं अठ्ठेचाळीस घ्या. एक बारीक पेंचकस घेऊन, टाळेचा आवाज सर्वांत स्वच्छ येईपर्यंत, प्रत्येक कॅसेटीसाठीं तो माथा जुळविणें हें पांच मिनिटांचें काम. परंतु ‘उतरवून देतों’ म्हणणाऱ्यांपैकीं तें करणारे विरळा.

तबकडीच्या बाबतींत हीच गोष्ट वेगाची. (जातां जातां सांगण्यासारखें असें कीं, ७८ फेऱ्यांची तबकडी ही दगडाची पूड व काजळी मिसळलेल्या लाखेची, आणि रानांतून लाख व गोंद म्हणजे डिंक ज्या बाजारीं येई, त्या गोंदियाचें नांवच गोंदावरून पडलें असें परंपरेनें सांगतात.) आरंभीच्या काळांतल्या सगळ्याच तबकड्या बरोबर ७८ फेऱ्यांवर भरलेल्या नसत. ७८ वर भरलेली तबकडी ८० वर वाजविली, तर तीन मिनिटांचें पद साडेचार सेकंद आधीं संपतें, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पण षड्ज सुमारें दोन प्रमाणश्रुतींइतका चढतो, आणि गायकाची पट्टीच बदलते. अशा प्रतीवर विसंबून ‘अमुक बोवा पांढरी दोनमध्यें गात’ असलीं विधानें लेखांतून आलीं आहेत. फाईलचें रूप निर्दोष असूनहि पाठ अशुद्ध कसा राहतो, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

आतां नांवांकडे वळूं. कारण ध्वनीपेक्षां नांवांची हानि आम्हांस अधिक शोचनीय वाटते. गाण्याच्या फाईलींत गाणाऱ्याचें व पदाचें नांव लिहिण्याची सोय असते. एमपी३साठीं ती प्रथम १९९६ सालीं निघाली तेव्हां प्रत्येक नांवाला तीस अक्षरांची जागा ठेविली होती, आणि तीं अक्षरें अर्थातच रोमन. देवनागरीचें एकेक चिन्ह आजच्या सार्वत्रिक लिपिसंकेतांत तीन घरें अडवितें. म्हणजे तीस घरांत दहा चिन्हें, आणि काना, मात्रा, वेलांटी हींहि त्यांतच. ‘अर्जुनी मोरगांव’ एवढेंहि तींत पुरतें बसत नाहीं. पुढें ही अडचण दूर झाली; परंतु जुन्या फाईली जुन्याच राहिल्या, आणि रूपांतराच्या वाटेवर कोठें तरी एखादें जुनें यंत्र किंवा जुना प्रोग्राम भेटला कीं सगळ्या नांवांचीं प्रश्नचिन्हें होतात. शुषा किंवा कृतिदेव अशा जुन्या टंकांत ज्यांनीं कष्टानें याद्या केल्या, त्यांच्या याद्या आज निरर्थक रोमन अक्षरांच्या राशी झाल्या आहेत. वेव्ह या रूपांत ध्वनि उत्तम राहतो, पण नांवें वाटेंत सांडण्याचा संभव फार. म्हणून एका रूपांतून वेव्ह आणि वेव्हमधून दुसरें रूप अशी दुहेरी उडी मारणाऱ्यानें आधीं याद्या वेगळ्या लिहून ठेवाव्या. फ्लॅकला सार्वत्रिक संकेत पहिल्यापासून मान्य आहे, हा त्याचा गुण आम्हांस त्याच्या ध्वनिगुणाहून मोठा वाटतो.

नांव नाहींसें झालें म्हणजे प्रोग्राम आपण होऊन एक नांव देतो: ‘अनोळखी कलाकार’. ज्या दंडारीच्या गायकाला पंचक्रोशी आवाजावरून ओळखीत होती, तो स्वतःच्या नातवाच्या संगणकावर अनोळखी कलाकार होऊन बसतो. आणि नांव टिकलें तरी तें कोठें लिहावें? हे रकाने ‘कलाकार’ व ‘अल्बम’ अशा चालीचे आहेत. झाडीपट्टीच्या नाटकाला अल्बम नाहीं. त्याला मंडळी आहे, लेखक आहे, पदांचा कर्ता निराळा, पद गाणारा नट निराळा, आणि गांव व मंडईची तारीख आहे. आमची सूचना अशी कीं, प्रत्येक कॅसेटीच्या फायलींशेजारीं मराठींत एक साधा टिपणाचा कागद ठेवावा: कोणी गायिलें, कोठें, केव्हां, कोणत्या बोलींत, कोणी भरलें, कोणत्या यंत्रावरून कोणी व कधीं उतरलें, आणि एमपी३ असल्यास तो कशावरून केला. पोथीच्या शेवटीं लेखनिक जी पुष्पिका लिहीत असे, तींत याहून वेगळें काय होतें?

या काळजींत अतिशयोक्ति आहे असें ज्यांस वाटेल त्यांनीं दोन गोष्टी आठवाव्या. किर्लोस्कर मंडळींचे भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारींत वारले; ग्रामोफोन कंपनीचा गेसबर्ग हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रणासाठीं आला तो १९०२ सालीं. एवढ्या थोड्या अंतरानें तो आवाज कायमचा गेला, आणि आतां भाऊरावांविषयीं जें काय लिहिलें जातें तें सर्व ऐकीव. उलट, भाषा-पाहणीचे ग्रियर्सन यांच्या देखरेखीखालीं १९१३ ते १९२९ या काळांत देशांतल्या भाषांचे व बोलींचे जे नमुने तबकड्यांवर भरले गेले, त्यांत मध्यप्रांतांतले नमुनेहि होते. भंडारा जिल्हा, म्हणजे आजचा गोंदियाहि, तेव्हां मध्यप्रांतांत होता. त्या तबकड्यांच्या प्रती निरनिराळ्या ग्रंथालयांत ठेविल्या गेल्या, सोबत छापील पाठ व नोंदी राहिल्या, म्हणूनच शिकागो विद्यापीठाच्या संग्रहांतून आज कोणीहि त्या घरबसल्या ऐकूं शकतो. त्या मुद्रणांत गुण असा फारसा नाहीं. शिंगापुढें बोललेला तो आवाज आहे, आणि त्याची खरखर प्रसिद्धच. पण बोलणारा कोण, बोली कोणती, जिल्हा कोणता, हें सर्व त्याबरोबर आहे.

एक धोका राहिला, तो नव्या सोयीचा आहे. संग्रह मोठा झाला कीं ‘दुबार’ फाईली शोधून पुसणारे प्रोग्राम लोक चालवितात. झाडीपट्टीच्या रात्रीं वन्समोअर पडतो. तेंच पद पुन्हां होतें, आणि दुसऱ्या खेपेस नट तेंच गातो असें मुळींच नाहीं. मांडव तापलेला असतो, पेटीवाला आतां त्याच्या पुढें धांवत असतो, आणि पहिल्या वेळीं जी जागा घेण्याचा धीर झाला नव्हता ती तो या वेळीं घेतो. कॅसेट उतरविणारानें दोन्हीं फाईलींना एकच नांव दिलेलें असतें. प्रोग्राम नांव व लांबी पाहतो आणि एक पुसतो, बहुधा दुसरी. म्हणून पदाच्या नांवापुढें ‘पहिली खेप’, ‘दुसरी खेप’ असें लिहावें, आणि पुसण्याचें काम यंत्रावर न सोंपवितां कानानें करावें.

कामाचा क्रम विचाराल तर जिची दुसरी प्रत कोठेंच नाहीं ती कॅसेट प्रथम. गांवच्या मंडईच्या, घरच्या लग्नाच्या, आजीच्या जात्यावरच्या. विकत घेतलेल्या चित्रपटगीतांच्या कॅसेटी अगदीं शेवटीं, किंवा नाहींच. त्यांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. गोंदियाकडे मृगाच्या सरी लागल्या कीं कपाटांतल्या फितींवर बुरशी धरावयास वेळ लागत नाहीं; तेव्हां हें काम उन्हाळ्यांत, रोवणीच्या आधीं, उरकावें. आणि उतरवून झालें म्हणून कॅसेट टाकूं नये. कोरड्या डब्यांत, लोहचुंबकापासून व लाऊडस्पीकरपासून दूर, ती तशीच उभी ठेवावी. माथा जुळवावयाचा राहिला होता असें पुढें कोणाच्या ध्यानांत आलें तर तिच्याकडेच परत जावें लागेल.